सरकीतलं प्रथिन आणि नागपूरची प्रयोगशाळा



प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांचे अतिचार आठवतो. अंगारकर्म, वनकर्म म्हणताना मन फारसं अडत नाही; कोळसा पाडणारं, जंगल तोडणारं आपल्यात आता सहसा कोणी नसतं. यंत्रपीडन आलं की ज्यांच्या घरी जिनिंग किंवा तेलाची घाणी आहे त्या थोड्या खाली बघतात. पण विषवाणिज्य आलं की आमच्या ढाणकी-उमरखेड पट्ट्यातल्या बऱ्याच जणींचा आवाज बारीक होतो, कारण घरात कृषी केंद्र असतं. आमच्याही घरात होतं. पुढच्या खोलीत बियाणं, मागच्या खोलीत औषधं. 'औषध' हा शब्द आपण त्याला किती सहज देतो! अळीच्या बाजूने पाहिलं तर ते औषध कुठून?

आजचा लेख त्या मागच्या खोलीवर नाही, एका प्रथिनावर आहे. 26 मार्च 2002 रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. बियाणं आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीचं, त्यातलं जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचं. आमचे सासरे, त्यांना आम्ही सगळे बाबूजी म्हणतो, त्या वर्षी फार खुश होते. अळी मारायचं काम बियाणंच करणार, फवारे कमी होणार, मागची खोली हळूहळू रिकामी होणार, असं त्यांचं गणित. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपये, 'नांदेड 44'च्या मानाने भाव डोळे पांढरे करणारा, तरी ते म्हणाले, पाप कमी होत असेल तर महाग नाही.

पुढे काय झालं ते आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. जे माहीत नसतं ते असं की हे प्रथिन पुढे कुठे कमी पडणार याची लक्षणं नागपूरला फार लवकर दिसली होती. आणि ती दिसण्यासाठी शास्त्रज्ञांना आधी तेच प्रथिन कपाशीच्या बाहेर, वेगळं, शुद्ध असं हातात घ्यावं लागलं होतं. ते सोपं नव्हतं. ही गोष्ट त्याची आहे.

सुरुवात रेशमापासून होते. 1901 मध्ये जपानात शिगेताने इशिवाता नावाचे शास्त्रज्ञ पटापट मरणाऱ्या रेशीमकिड्यांचा रोग शोधत होते. त्यांना मेलेल्या किड्यांत एक जिवाणू सापडला. (ज्यांनी रेशीम वर्ज्य केलंय त्या म्हणतील, उकळत्या पाण्यातून सुटले ते रोगाने गेले. खरंय.) दहा वर्षांनी जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना थुरिंगिया भागातल्या एका पिठाच्या गिरणीतल्या पतंगांच्या अळ्यांत तसाच जिवाणू मिळाला. त्या भागावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बीटी ही त्याचीच दोन अक्षरं. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात विचित्र गोष्ट पुढची: 1970 मध्ये अमेरिकेतल्या हॉवर्ड डल्मेज यांनी या जिवाणूचा एक फार प्रभावी वाण वेगळा काढला, तो मेलेल्या गुलाबी बोंडअळीतून. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून त्याला एचडी-1 म्हणतात. कपाशीत घातलेल्या जनुकाचं मूळ याच कुळातल्या एचडी-73 मध्ये आहे. ज्या अळीने पुढे आपल्याला रडवलं, तिच्याच मेलेल्या देहातून या कुळातला सगळ्यात गाजलेला वाण निघाला होता.

हा जिवाणू उपासमारीत बीजाणू धरतो आणि त्याच वेळी पोटात प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो, खडीसाखरेच्या खड्यासारखा कोनदार, फक्त सूक्ष्मदर्शकातून दिसेल एवढा. इंग्रजीत स्फटिकाला जो शब्द आहे त्याची पहिली अक्षरं घेऊन त्या प्रथिनांना 'क्राय' म्हणतात. कपाशीतलं आहे ते क्राय1एसी. अळीने ते खाल्लं की तिच्या आतड्यातल्या खाऱ्या, क्षारयुक्त रसात खडा विरघळतो, तिचे पाचकरस त्याचा नको असलेला भाग कापून टाकतात, आणि उरलेला भाग आतड्याच्या पेशींना भोकं पाडतो. अळी खाणं सोडते आणि मरते. आपलं जठर उलट आंबट, आणि ते प्रथिन ज्या जागी चिकटतं त्या जागा आपल्या आतड्यात नाहीत. म्हणून आपल्याला त्याचा तसा अपाय होत नाही.

आता अडचण बघा. एकाच वाणाचा जिवाणू पुष्कळदा तीन-चार क्राय प्रथिनं एकदमच बनवतो. एचडी-1 तसाच आहे. सगळी एका खड्यात मिसळलेली, वर बीजाणूंची भेसळ. कोणती अळी कोणत्या प्रथिनाने मरते हे त्यातून कसं कळणार? मिसळणाच्या डब्यातून फक्त जिऱ्याचा कस काढायला सांगावं तसं ते. बरं, कपाशीच्या पानातून काढावं म्हटलं तर हिरव्या पानाच्या एका ग्रॅममध्ये ते असतं काही मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शिवाय कपाशीच्या पानात टॅनिन आणि गॉसिपॉल यांची गर्दी.

वाट काढली ती सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अर्नेस्ट श्नेफ आणि हेलन व्हाइटली या दोघांनी, 1981 मध्ये. हेलन व्हाइटली या जिवाणूशास्त्राच्या नामवंत प्राध्यापक. बाईंचं नाव आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे. त्यांनी एका क्राय प्रथिनाचं जनुक कापून ई. कोलाय या दुसऱ्याच जिवाणूत ठेवलं. ई. कोलाय म्हणजे माणसाच्या आतड्यात राहणारा साधा जिवाणू, त्याचे निरुपद्रवी वाण प्रयोगशाळेत वाढवतात. ज्याने आयुष्यात कधी स्फटिक बनवला नाही असा हा पाहुणा ते प्रथिन बनवू लागला, आणि त्याचा अर्क तंबाखूवरच्या अळीला खाऊ घातल्यावर ती मेली. म्हणजे जनुक बरोबर होतं आणि प्रथिनही कामाचं होतं.

ई. कोलायचं हे काम आपल्या घरात दुसऱ्या वाटेने केव्हाच पोचलंय. 1978 मध्ये अमेरिकेत याच जिवाणूकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं, 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी साठ वर्षं जगभरचं इन्सुलिन कत्तलखान्यातल्या डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून येत होतं. आपल्या मागच्या पिढीतल्या मधुमेही माणसांनी सुई घेताना काय सोसलं असेल, ज्यांना ते ठाऊक होतं त्यांनी, याचा मी पुष्कळदा विचार करते. आज काही इन्सुलिन ई. कोलायमधून येतं, काही यीस्टमधून.

पण इन्सुलिन म्हणजे 51 मण्यांची माळ. क्राय1एसीची माळ आहे हजाराच्या वर मण्यांची. मणी म्हणजे अमिनो आम्लं. नुसती माळ ओवून भागत नाही, ती ठरलेल्या घडीत बसावी लागते, तरच प्रथिन काम करतं. परक्या जिवाणूला घाईने खूप प्रथिन करायला लावलं की त्याच्या घड्या चुकतात आणि अर्धवट माळा एकमेकींना चिकटून पेशीतच गोळे होतात. रवा गरम पाण्यात एकदम ओतल्यावर गुठळ्या होतात ना, तसंच. जगातल्या प्रयोगशाळा पन्नास वर्षं याच गुठळ्यांशी झगडत आहेत. कोणी जिवाणूला थंडाव्यात सावकाश वाढवतं, कोणी अवघड प्रथिनाला दुसरं एखादं मनमिळाऊ प्रथिन जोडून देतं, कोणी घडी घालायला मदत करणारी प्रथिनं सोबत बनवून घेतं. तरी काही प्रथिनं वठणीवर येत नाहीत. मग गुठळ्या काढून, युरियाच्या तीव्र द्रावणात माळ पूर्ण सोडवून, युरिया हळूहळू कमी करत तिची पुन्हा घडी बसू द्यायची. त्यात बरंचसं वाया जातं.

क्राय1एसीच्या बाबतीत एक नशीब म्हणा. गोळा होणं हा त्याचा मूळचाच स्वभाव. त्यामुळे ई. कोलायमध्ये होणारे त्याचे गोळे बरेचसे शाबूत घडीचे असतात. पेशी फोडायच्या, गोळे पुन्हा पुन्हा धुवायचे, मग कार्बोनेटच्या खाऱ्या पाण्यात विरघळवायचे. आपल्या पापडखाराच्याच जातीचं ते. सोबत गंधकाचे सांधे सोडवणारं एक रसायन. म्हणजे अळीच्या आतड्यात जे घडतं तेच काचेच्या नळीत घडवायचं. खार कमी पडला तर गोळे विरघळत नाहीत, फार झाला किंवा फार वेळ ठेवला तर प्रथिन बिघडतं. शेवटी ट्रिप्सिन हे पाचक घालून नको तो भाग कापायचा. एवढ्या उपद्व्यापानंतर हातात येतं ते थोडंसं शुद्ध क्राय1एसी, ज्यात दुसऱ्या कोणत्याही विषाची भेसळ नाही.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 ची. तिथे डॉ. केशव क्रांथी, डॉ. संध्या क्रांथी आणि त्यांचे सहकारी या कामात होते. त्यांनी पहिली शहाणपणाची गोष्ट केली ती बीटी कपाशी शेतात येण्याआधी. देशाच्या वेगवेगळ्या भागातल्या अमेरिकन बोंडअळ्या, म्हणजे आपली हरभऱ्यावरची घाटेअळीच, प्रयोगशाळेत वाढवून त्यांना क्राय प्रथिनं एकेक करून किती मात्रेत मारतात हे मोजलं. 2001 मध्ये ते प्रसिद्ध झालं. अशा कामाला प्रथिन एकेकटंच लागतं, आणि ते मिळवायची वाट ही ई. कोलायचीच. अळ्यांना जे अन्न देतात त्यात मुख्य काय असतं माहीत आहे? बेसन. बेसन, अगर, यीस्ट, जीवनसत्त्वं शिजवून त्याच्या वड्या पाडतात आणि त्यात मोजून विष घालतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कढईतल्या बेसनाकडे बराच वेळ बघत राहिले.

ही आधीची नोंद का हवी? उद्या कोणी म्हणालं की अळी सोकावली, तिला आता विष चालत नाही, तर आधी किती चालत होतं याचा आकडा नको का? पोराची उंची दारावर खूण करून ठेवतो तशी ती खूण.

मग 2002 आलं. 2001 मध्येच गुजरातमध्ये परवानगीशिवाय बीटी कपाशी पेरलेली सापडली होती, आणि नंतर तसल्या बियाण्याचा सगळीकडे सुळसुळाट झाला. पाकिटावर बीटी, आत काय कोण जाणे. दुकानदारालाही कळत नव्हतं, शेतकऱ्याला तर नाहीच. नागपूरने यासाठी तपासणीची किट काढली: पान किंवा सरकी चुरडून पाण्यात घालायची, पट्टी बुडवायची, रेघ उमटली तर क्राय1एसी आहे. पट्टीतला ओळखणारा पदार्थ म्हणजे प्रतिपिंड. तो तयार करायला शुद्ध क्राय1एसी लागतं, आणि ते सहसा सशासारख्या प्राण्याला टोचून त्याच्या रक्तातून प्रतिपिंड घेतात. हेही सांगायलाच हवं. खरं-खोटं बियाणं ओळखण्याची किंमत कोणत्यातरी जिवाने दिलेली असते.

2005 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात नागपूरचे दोन लेख आले. पहिल्यात त्यांनी सांगितलं की अळ्यांची चाचणी घेण्यासाठी बीटी कपाशीची सरकीच विषाचा स्रोत म्हणून वापरता येते. हा मला फार आपल्याकडचा उपाय वाटतो. शुद्ध प्रथिन करणं महाग आणि किचकट, प्रत्येक कृषी विद्यापीठाला ते कुठून जमणार? सरकी मात्र मुबलक, आणि तिच्यात ते प्रथिन टिकून असतं. पण त्या सरकीत नेमकं किती आहे हे मोजायचं तर तुलनेला शुद्ध प्रथिन लागतंच. घरच्या वाटीने माप घेता येतं, पण वाटी किती ग्रॅमची हे एकदा तरी काट्यावर बघावं लागतं.

दुसरा लेख बाबूजींना मी वाचून दाखवायला हवा होता असं वाटावं इतका महत्त्वाचा. तेव्हा आमच्याकडे तो पोचण्याचा काही मार्गच नव्हता, ते सोडा. त्यात त्यांनी बाजारातल्या बीटी वाणांच्या झाडाचा प्रत्येक भाग मोजला होता. क्राय1एसी सगळ्यात जास्त पानात. त्याहून कमी पात्यांत, बोंडांत, फुलांत. फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत तर पुरेसं नाहीच. म्हणजे अळी जिथे बसते तिथे विष सगळ्यात कमी! शिवाय झाडाचं वय वाढेल तसं ते घटत जातं. ग्रॅममागे साधारण दोन मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं की अळ्या जगू लागतात. आणि हे वाणावाणाप्रमाणे वेगळं, कारण तो संकर कोणत्या आई-बापांचा यावर ते अवलंबून.

अर्धवट मात्रा वाईट का, हे आपल्याला अँटिबायोटिकचा कोर्स अर्धा सोडणाऱ्या माणसावरून कळेल. मरण्याइतकं नाही, पण मिळतं तर रोज. त्यातून ज्या अळ्या निभावतात त्यांचीच पुढची पिढी. यावर कायद्याने एक उपाय होता: प्रत्येक पाकिटासोबत बिगर बीटीची 120 ग्रॅमची पुडी. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग सोकावलेल्यांशी जोडी करतील आणि सोकावण्याचा वेग मंदावेल. आपल्या बायकांना ही कल्पना एकदम आवडते, शेताचा एक भाग जिवांसाठी राखून ठेवायचा! पण फसू नका, त्यामागे जीवदया नव्हती, उरलेल्या शेतात मारणं चालू राहावं म्हणून ती सोय होती. कशीही असो, ती पुडी फार थोड्यांनी लावली. आमच्या दुकानासमोर पेरणीच्या दिवसांत त्या पुड्या रस्त्यावर पडलेल्या मी पाहिल्यात.

2006 मध्ये दोन विषांचं, क्राय1एसी आणि क्राय2एबी असलेलं बियाणं आलं. 2010 मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीला क्राय1एसी चालत नसल्याचं खुद्द मोन्सॅन्टोने जाहीर केलं. तोवर देशातली बहुतेक कपाशी बीटीची झालेली. पुढच्या काही वर्षांत दुसरं विषही तिने पचवलं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात डोमकळ्याच डोमकळ्या, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. माणूसभर वाढलेल्या कपाशीत, रसशोषक किडी आणि अळी अशा दोन्हींसाठी लोक मिसळून मिसळून फवारत होते. त्या हंगामात आपल्या एका जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. बहुतेक मजूर. पाठीवर पंप, अंगात साधा सदरा.

त्यातल्या कोणी आमच्या दुकानातली बाटली नेली होती का, हे बाबूजींनी वह्या काढून तपासलं. तीन दिवस तपासत होते. काय सापडलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दिवाळीनंतर मागच्या खोलीतला माल कंपनीकडे परत गेला. आता तिथे ठिबकच्या नळ्या, ताडपत्र्या आणि पतंगांसाठीचे कामगंध सापळे असतात. सापळ्यातही जीव जातोच, हे ह्यांना मी म्हटलं, तर ते म्हणाले, मला माहीत आहे, मी पच्चक्खाण विषाचं घेतलंय, शेतीचं घ्यायला आपलं गाव सोडावं लागेल.

मागच्या चातुर्मासात एका साध्वीजींना मी प्रयोगशाळेबद्दल विचारलं. जिवाणू एकेंद्रिय की बेइंद्रिय, त्यांना निगोद म्हणायचं की समूर्च्छिम, यावर आपल्या विद्वानांत एकमत नाही. पण लाखो-करोडो जिवाणू वाढवून, फोडून प्रथिन काढायचं, मग चौइंद्रिय पतंगांच्या अळ्यांना बेसनातून खाऊ घालून किती मेल्या ते लिहायचं, सशाला टोचायचं, हे सगळं कोणत्या खात्यात? त्यांनी उत्तर लगेच दिलं नाही. मला उलट विचारलं, त्या मोजणाऱ्यांनी जे सांगितलं ते तुमच्या गावात कोणी ऐकलं होतं का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग त्या अळ्या फुकट गेल्या असं मी तरी म्हणेन, बाकीचा हिशेब केवलींना ठाऊक.

हा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात, म्हणून सांगून ठेवते. देवासमोरच्या वातीच्या कापसात हे प्रथिन नसतं म्हणण्यासारखंच. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. मुहपत्तीच्या आणि सुती साडीच्या कापडाचंही तेच. सरकीचं रिफाइंड तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध, त्यात प्रथिन जवळजवळ राहत नाही. सरकीच्या ढेपीत मात्र थोडं असतं. गाई-म्हशी ती खातात आणि इतर प्रथिनांसारखीच पचवतात. आणि ज्या अजून घरी सरकी भिजवून, वाटून दूध काढतात त्यांनी नवी सरकी आणल्यावर ती आधी फोडून बघावी, गुलाबी अळी दोन सरक्या जोडून त्यांच्या आत राहते.